जाळीचं ऑपरेशन आणि सात महिन्यांनी पिकणारी एफडी

इचलकरंजीच्या एका ताईंचा प्रश्न: वय 58. अंग (गर्भाशय) बाहेर येण्याचा त्रास दोन वर्षं अंगावर काढला, गेल्या महिन्यात पहिल्यांदा डॉक्टरांना दाखवलं. जाळी बसवून ऑपरेशन, अंदाजे खर्च 1,90,000 रुपये. मेडिक्लेम 5 लाखांचा, पण घेऊन 15 महिनेच झालेत. 4 लाखांची एफडी सात महिन्यांनी पिकते. ती मोडू, की मुलगा म्हणतो तसं पर्सनल लोन काढू?

ताई, दोन्ही नको. आधी पॉलिसीची कागदपत्रं काढा आणि ठरावीक आजारांच्या वेटिंग पिरियडची यादी वाचा. मोतीबिंदू, हर्निया, गर्भाशय काढणं यांच्या जोडीला हा आजारही सहसा तिथेच असतो. बहुतेक पॉलिसींत मुदत 24 महिन्यांची, काहींत 36. तुमची 24 असेल तर नऊ महिने उरलेत. त्याआधी ऑपरेशन केलंत तर क्लेम मिळणार नाही.

म्हणून डॉक्टरांना थेट विचारा, नऊ महिने थांबलं तर चालेल का? पेसरी नावाची रिंग बसवून अनेक बायका महिनोन् महिने काढतात, तिचा खर्च ऑपरेशनपुढे किरकोळ. पण लघवी अडत असेल, रक्त जात असेल, तर पैशाचा हिशेब बाजूला ठेवा.

दुसरं, तुमच्या एस्टिमेटमध्ये ‘मेश – 35,000’ एवढंच लिहिलंय. जाळी कुठून बसवणार? योनिमार्गातून बसवायची जाळी अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने एप्रिल 2019 मध्ये बाजारातून काढायला लावली. ऑस्ट्रेलियाने त्याआधीच, 2017 मध्ये, असा निर्णय घेतला होता. जाळी उघडी पडणं, दुखणं, ती काढायला पुन्हा ऑपरेशन, या तक्रारी होत्या. पोटातून, दुर्बिणीने बसवायच्या जाळीवर ती बंदी नव्हती. जाळीशिवाय टाके घालूनही दुरुस्ती होते. त्यामुळे दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांची फी वाचवू नका. दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च तुमच्या अंदाजपत्रकात नाही.

थांबणं शक्य नसेल तर एफडी न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेव तारण ठेवून बँकेकडून कर्ज घ्या. व्याज ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त. दोन टक्के धरले तरी 1,90,000 वर सात महिन्यांचा फरक सव्वादोन हजारांच्या आसपास. पर्सनल लोनचं व्याज यापुढे पाहूच नका. पण त्याआधी महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटून हे ऑपरेशन योजनेत बसतं का ते विचारा. पिवळं-केशरी रेशनकार्डच लागतं, हा समज आता जुना झाला.

आणि थांबलात तर एक गोष्ट. भरती होताना केसपेपरवर ‘त्रास दोन वर्षांपासून’ असं लिहिलं जाईल. ते खरं आहे, लपवू नका. पण पॉलिसीआधी निदान झालं नव्हतं, डॉक्टरांचा सल्लाही घेतला नव्हता. आजार पॉलिसीआधीचा आहे का, हे ठरवताना विमा कंपन्या तेच बघतात. पहिल्या तपासणीचा गेल्या महिन्याचा कागद म्हणूनच फाइलमध्ये सगळ्यात वर लावा.