शेजारी अखंड पाठ आहे. हार-नारळ न्यावा का?

कॅनडातील ब्रॅम्प्टनहून एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, शेजारच्या शीख कुटुंबाने नव्या घरात अखंड पाठ, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथाचे, गुरू ग्रंथ साहिबाचे, सलग वाचन ठेवले असून भोगाला, म्हणजे पाठाच्या समाप्तीला, सर्वांना बोलावले आहे. भारतातून आलेल्या सासूबाई हार, नारळ आणि हळद-कुंकू घेऊन निघण्याच्या तयारीत आहेत, तर कॉलेजात जाणारा मुलगा ‘एका पुस्तकासाठी एवढे सोपस्कार कशाला?’ असे म्हणतो आहे.

सासूबाईंचा भाव चांगला आहे आणि मुलाचा प्रश्नही गैर नाही. मात्र एकीच्या मनात मूर्ती आहे, दुसऱ्याच्या मनात पुस्तक. शिखांच्या दृष्टीने गुरू ग्रंथ साहिब हे विद्यमान गुरू आहेत. १७०८ साली आपल्या नांदेडमध्ये गुरू गोविंदसिंगांनी देहधारी गुरूंची परंपरा थांबवून ग्रंथालाच गुरुपद दिले, आणि पुढचे सारे आचार त्यातूनच आले आहेत. पहाटे ग्रंथ उघडण्याला ‘प्रकाश’ आणि रात्री मिटून विश्रांतीला ठेवण्याला ‘सुखासन’ म्हणतात. त्याच्या १४३० पृष्ठांना पाने न म्हणता ‘अंग’ म्हणतात. वर चांदवा असतो, ग्रंथावर रुमाला नावाचे वस्त्र असते आणि राजावर ढाळावी तशी चवरी ढाळली जाते. पुस्तकाला पाय लागला की हात लावून नमस्कार करणाऱ्या किंवा सोवळ्याने गुरुचरित्राचे पारायण करणाऱ्या घरातील मुलाला हे समजावणे अवघड जाऊ नये.

तेव्हा हार, नारळ आणि हळद-कुंकू घरीच ठेवावेत. काही न्यायचेच असेल, तर लंगरसाठी, म्हणजे सर्वांच्या सामूहिक जेवणासाठी, पीठ, साखर किंवा दूध चालते का, हे यजमानांना विचारावे. पादत्राणे बाहेर काढून, हात धुऊन, डोके ओढणीने किंवा रुमालाने झाकून आत जावे. कॅप घालून जाणे टाळावे. खिशात तंबाखू किंवा सिगारेट असता कामा नये. ग्रंथासमोर जमिनीला डोके टेकून नमस्कार करावा आणि ग्रंथाकडे पाय न पसरता खालीच बसावे. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील, तर कडेला खुर्ची मिळेल का, हे आदल्या दिवशीच विचारलेले बरे. पाठ सुमारे ४८ तास अखंड चालतो आणि पाठी, म्हणजे वाचणारे, आळीपाळीने वाचतात, त्यामुळे तिथे कुजबुज नको आणि न विचारता फोटो तर नकोच. अरदास, म्हणजे सामूहिक प्रार्थना, सुरू झाली की सर्वांबरोबर हात जोडून उभे राहावे, त्यानंतरचा हुकुमनामा, म्हणजे ग्रंथ उघडून वाचलेले पद, शांतपणे ऐकावा आणि कडाह प्रसाद, म्हणजे कणकेचा शिरा, दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यावा.

पत्रात संकोचाने विचारलेल्या गोष्टीचे उत्तर मात्र स्पष्ट देते: मासिक पाळी सुरू असली तरी खुशाल जावे. गुरू नानकांनी ‘आसा दी वार’ या रचनेत सुतकाची, म्हणजे विटाळाची, कल्पनाच नाकारली आहे, आणि या कारणावरून तिथे तुम्हाला कोणी अडवणार नाही.

सासूबाईंना हाराची चुटपुट लागलीच, तर त्यांना सांगावे की त्या ज्या ग्रंथापुढे माथा टेकणार आहेत, त्यात संत नामदेवांची ६१ पदे आहेत आणि त्यांत ‘बीठल’ हे नावही येते. अर्थात, ‘हे तर आमचेच नामदेव’ असे यजमानांना ऐकवण्याची घाई नको. पंजाबात घुमान येथे त्यांचे स्थान आहे आणि शिखांनी आपल्या ‘भगत नामदेवां’ना कित्येक शतके रोज गायले आहे. एखाद्या निवांत दुपारी शेजारीण बाईंनाच ती पदे वाचून दाखवण्याची विनंती करावी. त्या ‘गुटका बघते’ म्हणाल्या, तर सासूबाईंनी दचकू नये. नित्यपाठाच्या छोट्या पोथीला पंजाबीत गुटका म्हणतात, आणि तीही स्वच्छ कापडात गुंडाळून उंचावर ठेवलेली असते.