पहिल्या कार्यक्रमाआधी गळ्याचं काय करशील

गणपतीत पहिल्यांदा स्टेजवर गाणार म्हणालीस, फार बरं वाटलं. आता ऐक. शेवटच्या आठवड्यात रियाज वाढवू नकोस. पहाटे अर्धा तास खर्ज लाव, म्हणजे मंद्रातले, खालच्या सप्तकातले सूर शांतपणे, गळा न दाबता. गरम पाण्याचा घोट स्वरतंतूंना लागत नाही गं, तो अन्ननलिकेतून जातो. म्हणून पाणी सकाळपासून थोडं थोडं पीत राहा आणि वाफ घे, ती मात्र तिथवर पोचते. आवाज बसलाच तर कुजबुजूही नकोस, गप्प राहा.

खरी कसोटी मांडवात. माझ्या पहिल्या वेळी माझाच आवाज मला ऐकू येईना, म्हणून मी ओरडून गायले. तिसऱ्या गाण्यात तार गंधार, म्हणजे वरच्या सप्तकातला ग, फाटला. तो क्षण अजून अंगावर येतो. तेव्हापासून साउंड चेकला मॉनिटरमध्ये, म्हणजे गाणाऱ्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, आधी तानपुरा आणि माझा आवाज मागून घेते, तबला-ढोलकी नंतर. तार स्वराला माइक किंचित लांब धर. काळी चार (पेटीवरची चौथी काळी पट्टी, तिला सा धरून गायचं) जड जात असेल तर खालची काळी तीन सांग, त्यात कमीपणा अजिबात नाही. पहिलं गाणं मध्य सप्तकातलंच घे.

जेवण दोन-तीन तास आधी, साधा वरणभात.