२३० व्होल्टवर पाणी तापवायचा रॉड ६.५ अँपिअर घेतो, तर रोध आणि पॉवर किती?

रोध म्हणजे व्होल्टेज भागिले करंट: २३० ÷ ६.५ = साधारण ३५.४ ओहम. पॉवर म्हणजे दोघांचा गुणाकार: २३० × ६.५ = १४९५ वॅट. म्हणजे तुमचा रॉड दीड हजार वॅटचा.

खरी गंमत पुढे आहे. आमच्याकडे रावेरला केळीच्या बागांना पाणी देणाऱ्या मोटारी सुरू झाल्या, की व्होल्टेज कधी १८० वर येतं. रॉडचा रोध जवळपास तोच राहतो, पण करंटही घटतो. करंट म्हणजे व्होल्टेज भागिले रोध, म्हणून पॉवर होते व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध: १८० चा वर्ग भागिले ३५.४, म्हणजे जेमतेम ९१५ वॅट! थंडीत बादली तापायला दीडपटीहून जास्त वेळ लागतो तो म्हणूनच. रॉड खराब समजून बदलू नका.

कूलर किंवा मोटारीला मात्र हा साधा गुणाकार लावू नका, तिथे पॉवर फॅक्टरनेही (त्या गुणाकारातला किती हिस्सा खरी पॉवर असतो, तो आकडा) गुणावं लागतं.