आयटीआय, अप्रेंटिसशिप आणि पोर्टलवरचा करार: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

दहावीनंतरच्या वाटा गेल्या दहा-बारा वर्षांत बऱ्याच बदलल्या. शिकाऊ उमेदवारीच्या, म्हणजे अप्रेंटिसशिपच्या, 1961 च्या कायद्यात 2014 मध्ये मोठी दुरुस्ती झाली, 2019 मध्ये नियम पुन्हा बदलले, 2020 मध्ये नवं शैक्षणिक धोरण आलं आणि 2023 मध्ये राष्ट्रीय क्रेडिट आराखडा, म्हणजे प्रत्येक शिक्षणाला स्तर आणि क्रेडिट लावणारी मोजपट्टी. बातम्या घरोघरी पोहोचल्या, पण आपल्या मुलाच्या हातात त्यातून काय पडणार, हे बहुतेकांना कोणी समजावून सांगितलेलं नाही. या वेळचे जवळजवळ सगळे प्रश्न त्याभोवतीच फिरणारे आहेत.

प्रश्न: मुलीला दहावीला 58 टक्के मिळाले. तिला आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन करायचं आहे. घरातले म्हणतात, आयटीआयला गेली की पुढचं शिक्षण संपलं. बारावी तरी होऊ दे. काय करावं? (एक पालक, संगमनेर)

पुढचं शिक्षण संपत नाही. वीजतंत्री, म्हणजे इलेक्ट्रिशियन, हा दोन वर्षांचा ट्रेड आहे आणि दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड उत्तीर्ण झालेल्यांना इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. बारावी सायन्स करून डिप्लोमाला येणारी मुलंही याच दुसऱ्या वर्षाला येतात. म्हणजे दोन्ही वाटा एकाच वर्गात पोहोचतात. फरक इतकाच, की तुमची मुलगी येईल तेव्हा तिच्या हातात एक काम असेल. डिप्लोमानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाची सोय आहेच. क्रेडिट आराखड्यातही बारावी चौथ्या स्तरावर आहे आणि दोन वर्षांचे बहुतेक ट्रेडही त्याच स्तरावर.

दोन गोष्टी मात्र आत्ताच लक्षात ठेवा. संधाता, म्हणजे वेल्डर, हा एक वर्षाचा ट्रेड आहे. एक वर्षाचा ट्रेड घेतला तर ही थेट दुसऱ्या वर्षाची वाट मिळत नाही. ऐनवेळी जागा नाही म्हणून ट्रेड बदलायची वेळ आली, तर हे विसरू नका. दुसरी गोष्ट गणिताची. आयटीआयमधून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला गेलेली मुलं प्रॅक्टिकलमध्ये पुढे असतात आणि गणितात अडकतात, कारण मधली दोन वर्षं पुस्तक उघडलेलं नसतं. तिला डिप्लोमा करायचा असेल तर या दोन वर्षांत आठवड्यातले दोन-तीन दिवस तरी गणित चालू ठेवायला सांगा.

बारावीचं म्हणाल, तर आयटीआय झालेल्यांना राज्य मंडळाकडून किंवा एनआयओएसकडून (राष्ट्रीय मुक्त विद्यालयाकडून) आयटीआयचे गुण धरून आणि ठरावीक विषयांची परीक्षा देऊन बारावी करता येते. मंडळाच्या वेळापत्रकात 'ट्रान्सफर ऑफ क्रेडिट' म्हणून या अर्जांचा उल्लेख असतो. हे करून घ्याच. पोलीस भरतीसारख्या अनेक ठिकाणी बारावी मागतात आणि तिथे आयटीआयचं प्रमाणपत्र पुढे करून भागत नाही.

आणि मुलींनी वीजतंत्री व्हावं का, असा घरात कोणाच्या मनात प्रश्न असेल, तर महावितरणमध्ये खांबावर चढून लाइन जोडणाऱ्या महिला कर्मचारी आहेत, एवढं सांगतो.

प्रश्न: आयटीआय फिटर झालो. चाकणच्या एका कंपनीत ठेकेदारामार्फत 'ट्रेनी' म्हणून आठ महिने काम करतोय. बारा तासांची पाळी असते. कराराची प्रत दिलेली नाही. पगाराच्या चिठ्ठीवर 'विद्यावेतन' लिहिलंय आणि खाली ओव्हरटाइमचे तास. ही अप्रेंटिसशिप धरली जाईल का? मला प्रमाणपत्र मिळेल का? (एक वाचक, चाकण)

तुमच्या चिठ्ठीतच उत्तर आहे. शिकाऊ उमेदवाराला ओव्हरटाइम करायला लावायचा असेल, तर कायद्याच्या कलम 15 प्रमाणे शिकाऊ उमेदवारी सल्लागाराची, म्हणजे सरकारने यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याची, मान्यता लागते आणि तो ओव्हरटाइम प्रशिक्षणासाठी उपयोगाचा किंवा सार्वजनिक हिताचा आहे अशी खात्री पटल्याशिवाय सल्लागाराने ती द्यायची नसते. विद्यावेतन आणि रोजचा ओव्हरटाइम एकाच चिठ्ठीवर दिसत असेल, तर तुम्हाला शिकवलं जात नाही. तुमच्याकडून उत्पादन काढलं जातंय.

आता आधी एवढंच करा. अप्रेंटिसशिप इंडिया या सरकारी पोर्टलवर स्वतःच्या खात्यात जाऊन तुमच्या नावाचा करार नोंदलेला आहे का, ते पाहा. खातंच नसेल, तर करारही नाही. करार असेल तर त्यावर नोंदणी क्रमांक, आस्थापनेचं नाव, ट्रेड, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, आणि दरमहा विद्यावेतन, या पाच गोष्टी असतात. ज्या आस्थापनेचं नाव त्यावर आहे, तीच तुम्हाला शिकवायला बांधील. ठेकेदाराच्या लेटरहेडवरचं 'ट्रेनी नियुक्तिपत्र' हा करार नव्हे.

करार नोंदलेला निघाला तर बरंच काही तुमच्या बाजूने आहे. 2019 च्या नियमांप्रमाणे आयटीआय उत्तीर्णाला किमान 7000 रुपये विद्यावेतन, दुसऱ्या वर्षी त्यात वाढ. मे 2025 मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने विद्यावेतन 36 टक्क्यांनी वाढवण्याची शिफारस केली आहे, म्हणून नवा करार करणाऱ्यांनी सही करतानाचा दर पोर्टलवर पाहूनच सही करावी. काम करताना इजा झाली तर मालकाने नुकसानभरपाई द्यायची, हे कलम 16 सांगतं. कारखान्यातले आरोग्य आणि सुरक्षेचे नियम तुम्हालाही लागू आहेत. मुदत संपल्यावर परीक्षा आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र आयटीआयच्या प्रमाणपत्राशेजारी ठेवलं की तुमचं वजन वाढतं, कारण तुम्ही कारखान्यात शिकला आहात याची ती सरकारी नोंद असते.

करार नोंदलेला नसेल, तर ही अप्रेंटिसशिप नाही आणि प्रमाणपत्रही मिळणार नाही. पण मग दुसरी बाजू उघडते. नुसतं 'ट्रेनी' म्हटल्याने कोणी कामगार कायद्यांच्या बाहेर जात नाही. तुम्ही रोज लाइनवर उभे राहून उत्पादन काढत असाल, तर किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय (कामगार विमा) का नाही, हा प्रश्न कामगार खात्याकडे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. गेट पास, पगाराच्या चिठ्ठ्या, बँकेतल्या नोंदी, पाळीच्या फलकाचे फोटो आजपासून एका जागी ठेवा. भांडायला जाण्यापूर्वी तुमच्या आयटीआयमधल्या बीटीआरआय केंद्रात, म्हणजे मूलभूत प्रशिक्षण तथा अनुषंगिक सूचना केंद्रात जा. तिथले सहाय्यक शिकाऊ उमेदवारी सल्लागार याच कामासाठी नेमलेले असतात. नोंदलेल्या करारातला वाद त्यांच्याकडेच जातो आणि त्यांचा निर्णय पटला नाही तर 30 दिवसांत वर अपील करता येतं.

नोकरीची हमी कायदा देत नाही, हेही सांगून ठेवतो. 2014 नंतर प्रत्येक मालकाने अप्रेंटिस झालेल्यांना घेण्याबाबत स्वतःचं धोरण ठरवायचं आहे, एवढंच. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये, बाकी सगळं समान असेल तर प्रशिक्षित शिकाऊ उमेदवाराला प्राधान्य द्यावं, असं म्हटलं. मुलाखतीत ते तोंडी सांगायला हरकत नाही, पण भरवसा प्रमाणपत्रावर ठेवा.

मला या सगळ्या व्यवस्थेतली सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट दंडाची आहे. 2014 च्या दुरुस्तीने तुरुंगवासाची तरतूद काढली. अप्रेंटिसच्या जागा न भरणाऱ्या मालकाला दर जागेमागे महिन्याला पहिले तीन महिने 500 रुपये आणि पुढे 1000 रुपये दंड ठेवला. एका अप्रेंटिसवर महिन्याला 7000 खर्च करण्यापेक्षा 1000 दंड भरणं कोणालाही स्वस्त पडेल. शिकवण्यापेक्षा न शिकवणं स्वस्त असेल, तर चाकणच्या गेटवर 'ट्रेनी'च दिसणार. तुरुंगाची भीती नको हे मान्य, पण दंड विद्यावेतनापेक्षा जास्त असायलाच हवा होता.

प्रश्न: कोल्हापूरला आमचं छोटं मशिन शॉप आहे, 14 माणसं. कातारी, म्हणजे लेथवर काम करणारे टर्नर, मिळत नाहीत. अप्रेंटिस घेता येईल का, की ते मोठ्या कंपन्यांचंच काम? (एक उद्योजक, कोल्हापूर)

येईल, आणि तुमच्यासारख्यांनी घ्यायलाच हवेत. कंत्राटी धरून 30 किंवा जास्त माणसं असतील तर अप्रेंटिस घेणं सक्तीचं आहे. 4 ते 29 माणसांच्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे. एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के हे प्रमाण. तुमच्याकडे दोन मुलं बसतात.

हिशेब असा. कातारी ट्रेड झालेला मुलगा घेतला तर 2019 च्या दराने 7000 रुपये. त्यातला 25 टक्के, पण जास्तीत जास्त 1500 रुपये, हा वाटा केंद्राच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेतून थेट मुलाच्या बँक खात्यात जातो. ही पद्धत 2023 पासून आहे. आधी मालकाने पैसे भरायचे आणि परताव्याची वाट बघायची, त्यात छोटे मालक कंटाळून जायचे. उरलेले 5500 तुम्ही द्यायचे. आयटीआय न केलेला मुलगा घेतलात तर त्याचं मूलभूत प्रशिक्षण आधी करून घ्यावं लागेल. त्यासाठी जवळच्या बीटीआरआय केंद्राशी बोला.

पैशांपेक्षा मोठा प्रश्न मी विचारतो: शिकवणार कोण? तुमचा जुना मिस्त्री लेथवर धागा कापताना डायल कसा वाचतो, टूल कधी बदलतो, हे त्याच्या हातात आहे, तोंडात नाही. त्याला रोज अर्धा तास मोकळा द्या आणि त्या वेळात मुलाने त्याच्याशेजारी उभं राहून एक जॉब स्वतः मापात काढायचा, मायक्रोमीटर लावून दाखवायचा. पहिले काही महिने भंगार जास्त निघेल, ते खर्चात धरा. मुलाला फक्त बुरादा झाडायला आणि माल उचलायला ठेवणार असाल तर तो चार महिन्यांत शिरोलीच्या मोठ्या कारखान्यात जाईल, आणि बरोबरच करेल.

प्रश्न: मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत ग्रामपंचायतीत 11 महिने काम केलं. आता घरी आहे. ही अप्रेंटिसशिप मोजतात का? (बी.ए., लातूर जिल्हा)

नाही. जुलै 2024 मध्ये सुरू झालेली ही योजना, जिला लोक 'लाडका भाऊ' म्हणतात, शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली येत नाही. बारावीला 6000, आयटीआय-डिप्लोमाला 8000, पदवीधराला 10,000 असं विद्यावेतन होतं. आधी सहा महिने, मग वाढवून अकरा. अनुभवाचं प्रमाणपत्र मिळतं, अर्हता मिळत नाही. तुमच्यासारख्या हजारो मुलांनी कार्यालयांचं रोजचं काम ओढलं आणि शेवटी हातात एखाद्या स्तराचं, क्रेडिटचं काहीच पडलं नाही, हा योजनेतला मूळ दोष आहे. क्रेडिट आराखड्यात 30 तासांना एक क्रेडिट धरतात आणि कामातून शिकलेलंही मोजायची सोय आहे. हे महिने त्यात मोजता यायला हवे होते. तशी मागणी सरकारकडे जरूर करा, मी तुमच्या बाजूने आहे.

तोवर पदवीधरांसाठीची वेगळी योजना, एनएटीएस (राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजना), पाहा. ती शिक्षण मंत्रालयाची आहे, आता कला आणि वाणिज्य पदवीधरांनाही खुली आहे, आणि आपल्या भागाचं काम मुंबईत सायनला असलेलं शिकाऊ प्रशिक्षण मंडळ बघतं. 2019 च्या नियमांत पदवीधराला किमान 9000 रुपये आहेत. एक काळजी घ्या: पदवीनंतर एक वर्ष किंवा जास्त अनुभव असलेल्यांना घेणार नाही, अशी अट अनेक जाहिरातींत असते. तुमचे अकरा महिने त्याच्या आत आहेत, तेव्हा फार काळ थांबू नका.

प्रश्न: आमच्या माध्यमिक शाळेत व्यावसायिक शिक्षणाचं काहीतरी सुरू करा, असं वरून सांगतात. यंत्रं नाहीत, शिक्षक नाही. सुरुवात कुठून करू? (मुख्याध्यापिका, रत्नागिरी जिल्हा)

पाबळला जाऊन या. शिरूर तालुक्यातल्या पाबळ गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे घडलेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम आपल्या राज्य मंडळाने शाळांसाठी स्वीकारला. शेती-पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, घर-आरोग्य असे चार भाग, आणि मुलांनी गावातल्या लोकांची खरी कामं पैसे घेऊन करून द्यायची, असा त्याचा गाभा. शिकवायला गावातलाच कारागीर येतो, त्यामुळे 'शिक्षक नाही' ही अडचण निम्मी सुटते.

2020 च्या धोरणाने सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलं आहे. ते दिवस व्याख्यानांत घालवू नका. होड्या दुरुस्त करणारा सुतार, एसटीचा डेपो, आंब्याचं पॅकिंग, जवळचा आयटीआय. प्रत्येक ठिकाणी मुलांच्या हातात हत्यार यायला हवं. त्याच धोरणात म्हटलं आहे की 19 ते 24 वयोगटातल्या पाच टक्क्यांहून कमी तरुणांनी औपचारिक व्यावसायिक शिक्षण घेतलेलं आहे. जर्मनीत 75, दक्षिण कोरियात 96 टक्के. ते अंतर दहावीनंतर भरून निघत नाही.

प्रश्न: मध्य रेल्वेत अप्रेंटिस केली की नोकरी पक्की असते का? (डोंबिवली)

पक्की नसते. पण रेल्वेच्या लेव्हल 1 (पूर्वीच्या गट ड) भरतीत 20 टक्के जागा अप्रेंटिस पूर्ण केलेल्यांसाठी असतात. त्यांनाही संगणकावरची परीक्षा द्यावी लागते. अप्रेंटिसची निवड मात्र लेखी परीक्षेवर होत नाही. दहावी आणि आयटीआयच्या गुणांच्या सरासरीवर गुणवत्ता यादी लागते. दहावीला किमान 50 टक्के हवेत, वय 15 ते 24. अर्ज फक्त रेल्वे भरती कक्षाच्या संकेतस्थळावर भरायचा, आणि परळ किंवा माटुंगा वर्कशॉपमध्ये 'लावून देतो' म्हणणाऱ्या कोणालाही एक रुपया द्यायचा नाही.