आधी "शपथ सुटली" म्हण

"मावशी, मी सोलापूरची, वय 39, वजन 84. शुगर बॉर्डरवर आली म्हणून डॉक्टरांनी 12 किलो कमी करायला सांगितलंय. गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वरासमोर मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली की वर्षभर गोड खाणार नाही. सोमवारही कडक धरते. पण शेंगापोळीपुढे दोनदा हरले, फार अपराधी वाटतं. मोह आवरायला देवाकडे अजून काय मागू? मिस्टर काही बोलत नाहीत. मुलगा हल्ली माझ्यासोबत जेवायला बसत नाही, एवढंच."

अगं, एवढंच? शेंगापोळीचं सगळं रडगाणं गायलीस आणि पोराचं शेवटी एका ओळीत टाकलंस, त्याचं वय पण लिहिलं नाहीस. मी तिथंच अडकले बघ.

माझ्या आजीने माझी शपथ घेऊन तंबाखूची मिश्री सोडली होती. दोन दिवसांनी पहाटे मोरीपाशी ती बोट दातांवर फिरवताना दिसली, मी तेव्हा दुसरीत, आणि त्या रात्री मी मनगट धरून स्वतःची नाडी बघत झोपले, थांबतेय का म्हणून. आजीला कधीच कळलं नाही. तुझा मुलगा तुझ्यासोबत का बसत नाही ते आता मी सांगायला पाहिजे का? तू डब्याचं झाकण उघडलंस की तिकडं त्याच्या पोटात गोळा येतो, घास तू खातेस आणि मोजतो तो. मिस्टर काही बोलत नाहीत याचं पण मला काही कौतुक वाटलं नाही, घरात पोरगं ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जातंय आणि माणूस गप्प.

आणि हे सगळं सिद्धरामांच्या, म्हणजे तुझ्या सिद्धेश्वराच्या, नावावर? बाराव्या शतकात त्यांनी तलाव खोदला तो लोकांना सोबत घेऊन, माती उपसून. गावभर 68 लिंगं स्थापली, आजही संक्रांतीच्या यात्रेत त्यांना तेल वाहायला सात नंदीध्वज, त्या उंच सजवलेल्या काठ्या, घेऊन माणसं दिवसभर चालतात. आपल्याकडची भक्ती ही अशी अंग मोडून करायची आहे, लेकराला तारण ठेवून नाही.

तुझा कडक सोमवार म्हणजे साबुदाण्याची खिचडी असणार, हो ना? 100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात 350 च्या आसपास कॅलरी, जवळजवळ सगळा स्टार्च, वर शेंगदाण्याचं कूट आणि तूप. त्यापेक्षा रोजची ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी बरी म्हणायची, पण ते डॉक्टरांना विचार, मला आत्ता तुझ्या किलोंमध्ये इंटरेस्ट नाहीये.

आज रात्री त्याला शेजारी बसव. लहानपणी आपण गळ्याची शपथ कशी सोडवायचो आठवतंय ना, तशीच त्याच्या डोक्यावरून हात फिरव आणि "सुटली" म्हण. मनातल्या मनात नको, मोठ्याने म्हण, त्याला ऐकू गेलं पाहिजे. मग एका शेंगापोळीचे दोन तुकडे कर, एक त्याला दे, एक त्याच्यासमोर तू खा, आणि तो तुझ्या तोंडाकडे बघत बसला तर बघू दे, पूर्ण गिळेपर्यंत बघू दे.