साडेसातचा वडापाव

यावेळी आलेल्या मेलमध्ये एकच रडगाणं पुन्हा पुन्हा आहे, डाएट जमतंय पण मध्येच जी खा-खा सुटते तिचं काय करू. पाऊस चालू झाला की हे दरवर्षी होतं, बाहेर धो धो पडतोय आणि शेजारच्या घरातून भज्यांचा वास आला की भल्याभल्यांचं डाएट गटारात वाहून जातं. चार पत्रं घेतलीत. पहिल्याला जरा जास्तच जागा गेलीय, पण ठाण्यात माझ्याकडे येणारे कितीतरी जण थोड्याफार फरकाने हीच स्टोरी सांगतात म्हणून जाऊ दिली.

प्रश्न : मॅडम नमस्कार. वय 44, उंची 5 फूट 7 इंच, घर घोडबंदर रोडला, ऑफिस महापेला. जानेवारीत 91 किलो होतो, आता 86 वर येऊन काटा अडकलाय. मोबाईलमधल्या अ‍ॅपने 1,200 कॅलरी सांगितल्या त्या पाळतो. सकाळी फक्त ब्लॅक कॉफी, दुपारी 1 वाजता डबा, त्यात दोन फुलके, दुधी नाहीतर कोबी आणि काकडी, चारला चहा आणि दोन मारी. इथपर्यंत सगळं छान. पण साडेसातला ठाणे स्टेशनला उतरलो की संपलं. वडे तळल्याचा वास आला की पाय आपोआप वळतात, एकच खाईन म्हणतो आणि दोन होतात, वर घरी जाऊन जेवतोच. मग रात्रभर स्वतःचाच राग येतो. बायको म्हणते तुमचा जिभेवर ताबाच नाही. इच्छाशक्ती वाढवायला काही उपाय आहे का?

उत्तर : वहिनींना माझा नमस्कार सांगा, पण त्यांचं म्हणणं काही मला पटलेलं नाही. तुम्ही स्वतःच सगळा हिशोब लिहून दिलाय बघा. एक वाजता दोन फुलके आणि दुधी, दुधी म्हणजे बहुतेक पाणीच, ते तीन-साडेतीनपर्यंत जिरून गेलेलं असतं. मग दोन मारी, म्हणजे मैदा आणि साखर. मग थेट साडेसात. सकाळी उठल्यापासून प्रोटीन म्हणावं असं तुमच्या पोटात काहीही गेलेलं नाही, आणि अशा माणसाला रोज बरोब्बर त्याच वेळी गरम वड्यासमोरून चालत न्यायचं आणि वर म्हणायचं की याचा जिभेवर ताबा नाही! तुम्हाला भूक लागलेली असते हो, साधी सरळ भूक.

एक जुना प्रयोग सांगते. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं तेव्हा, 1944-45 मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या संशोधकाने 36 धडधाकट तरुण घेतले, सगळे स्वतःहून आलेले, आणि सहा महिने त्यांना सरासरी 1,570 कॅलरींवर ठेवलं, शिवाय दर आठवड्याला पस्तीसेक किलोमीटर चालायला लावलं. थोड्याच दिवसांत त्या पोरांना खाण्याशिवाय दुसरं काही सुचेना. रेसिपीची पुस्तकं वाचत बसायचे, ताटं चाटून पुसून काढायचे, आणि प्रयोग संपल्यावर पोट तुडुंब भरलं तरी कित्येकांची भूक काही भागेना. आता तुमच्या अ‍ॅपचा आकडा परत एकदा बघा.

म्हणून पहिलं काम, खाणं वाढवा. हो, वाढवा. तुमच्या वयाला, उंचीला आणि ऑफिसच्या बैठ्या कामाला 1,700-1,800 कॅलरी घेतल्या तरी आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास उतरायला हरकत नाही, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त घाई मला नकोच आहे. सकाळी कॉफीबरोबर दोन अंडी किंवा मुगाची दोन धिरडी. डब्यात दुधी राहू दे पण त्याच्या जोडीला मटकीची नाहीतर चवळीची उसळ हवी आणि ती वाटीभर, चमचाभर नाही. फुलके दोनाचे तीन झाले तरी आभाळ कोसळत नाही. आणि साडेपाच वाजता, ऑफिस सोडायच्या आधी, डेस्कवर बसूनच मूठभर फुटाणे सालासकट आणि जमलं तर ताक. ट्रेनमध्ये खाईन म्हणाल तर संध्याकाळच्या ट्रान्स हार्बरला खिशातला रुमाल काढायला जागा नसते, फुटाणे कुठले काढताय.

दुसरं ते वासाचं. पावलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने कुत्र्यांना घंटा वाजली की खाणं मिळतं अशी सवय लावली होती, मग त्यांना लाळ गळायला नुसती घंटा पुरायची, आपल्याला तेलात वडा सोडल्याचा आवाज पुरतो. रोज तीच वेळ, तोच जिना, तीच गाडी, त्यामुळे शरीराने ते पाठच केलंय, तुम्ही उतरायच्या आधीच ते तयारीत असतं. मग आठवडाभर रस्ता बदलून बघा ना, खाली बाजारात उतरायचंच नाही, पुलावरून तसंच सॅटिसवर, म्हणजे स्टेशनबाहेरच्या त्या वरच्या बस डेकवर जाऊन टीएमटीची बस पकडायची. पेशंटना हे सांगितलं की हसतात, एवढ्याने काय होणार म्हणतात, पण निम्म्या वेळा एवढ्यानेच होतं.

आणि ते 21 दिवसात सवय बदलते वगैरे फॉरवर्ड येतात ना, ते डिलीट करा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये यावर अभ्यास झालाय, त्यात नवीन सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, कोणाला 18 तर कोणाला 254 लागतील असा हिशोब निघाला. मधे एखादा दिवस चुकला तर त्याने काही फरक पडला नाही हेही त्यातच दिसलं, तेव्हा एखाद्या मंगळवारी खाल्लात वडा तर खाल्लात, बुधवारी परत सॅटिसवरून जा.

वडापाव सोडायला मी सांगत नाहीये हे वहिनींनाही वाचून दाखवा. एक वडापाव साधारण तीनेकशे कॅलरीचा असतो, त्याने कोणी लठ्ठ होत नाही, रोजचे दोन आणि वर जेवण हे जड जातं. शनिवारी दोघं मिळून जा, सुकी चटणी नीट दाबून लावलेला, तळलेली मिरची चावत, घाई न करता खा. कुंजविहारला गेलात तर तो जम्बोच असतो, दोघांत एक पुरतो. आणि हो, काटा अडकलाय म्हणून इतके वैतागू नका, 91 मधले 5 किलो म्हणजे साडेपाच टक्के झाले, एवढ्याने सुद्धा बीपी, शुगर, ट्रायग्लिसराइड्समध्ये (रक्तातल्या चरबीत) फरक दिसायला लागतो. रिपोर्ट काढून बघा, काट्यापेक्षा तो खुश करेल.

प्रश्न : ताई, मी नेरूळला राहते, वय 38, शाळेत नोकरी, दोन मुलं. दिवसभर मी अगदी शहाण्यासारखी खाते, पण रात्री सगळे झोपले की 11 नंतर किचनमध्ये जाऊन डबे उघडत बसते. फरसाण, मुलांची क्रीमची बिस्किटं, काहीच नसलं तर पोळीवर तूपसाखर. भूक नसते हो, तरी खाते. साडेबाराला झोपते, साडेपाचला उठते. तीन महिन्यात वजन अर्धा किलोसुद्धा हललेलं नाही.

उत्तर : 'भूक नसते हो' इथे मी थांबले आणि परत वाचलं. रात्री अकरा ही तुमच्या दिवसातली पहिली अशी वेळ आहे जेव्हा आई, मॅडम, सूनबाई, अगं ऐकलंस का, यातलं कोणीच हाक मारत नाहीये. तो वेळ तुम्हाला हवाय आणि तुम्ही तो किचनमध्ये घालवताय कारण बाकी खोल्यांत माणसं झोपलीत! तर तो अर्धा तास सोडू नका, फक्त जागा बदला. बाल्कनीत खुर्ची टाका, गाणी ऐका, फोनवर मैत्रिणीच्या नवऱ्याच्या तक्रारी ऐका, काहीही. खायची सणक बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांत ओसरते, फक्त त्या वीस मिनिटांत डबा हाताशी नको.

डब्यावरून माझंच सांगते. ओट्याच्या वरच्या कपाटात काचेची बरणी होती शेवेची, येताजाता चिमूट, भाजी शिजतेय तोवर चिमूट. एकदा अर्धा किलो शेव चार दिवसात संपली, घरात शेव खाणारी मी एकटीच आणि पेशंटना फरसाण बंद करा सांगणारीही मीच. मग शेव स्टीलच्या डब्यात गेली आणि डबा माळ्यावर. आता काढायची म्हणजे स्टूल ओढावं लागतं, स्टूलचा आवाज होतो आणि आतून सासूबाई विचारतात, काय गं, काय काढतेस? संपला विषय.

पाकिटातल्या खाण्याचं तर विचारूच नका. अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत 2019 साली 20 जणांना दोन आठवडे पाकिटबंद प्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं घरच्यासारखं जेवण दिलं, दोन्हीकडे ताटात वाढलेल्या कॅलरी, साखर, मीठ, फायबर सारखंच ठेवलं होतं आणि हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. पाकिटवाल्या आठवड्यांत माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खाऊन मोकळी झाली. तेव्हा क्रीमच्या बिस्किटासमोर तुम्ही एकच खाऊन थांबू शकत नाही यात तुमचं काही बिघडलेलं नाहीये, ते बनवलेलंच तसं असतं.

राहिली झोप. पाच तास झोप मिळाली की भूक वाढवणारं घ्रेलिन वर जातं आणि पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन खाली येतं, मग दुसऱ्या दिवशी स्टाफरूममधला समोसा उगाच सुंदर दिसतो. भांडी सकाळी घासा किंवा घासायला दुसऱ्या कोणाला तरी लावा (मुलं किती वर्षांची आहेत? नवरा किती वर्षांचा आहे?), पण साडेअकराच्या आत अंथरुणात. रात्रीचं जेवणही बघा, मुलांच्या ताटातलं उरलेलं उभ्या उभ्या संपवणं म्हणजे जेवण नव्हे, स्वतःचं ताट वाढून घ्या, वरण घट्ट घ्या.

एवढं करूनही खाणं थांबवताच येत नाही, लपून भराभर खूप खाल्लं जातं, नंतर ओकून काढावंसं वाटतं, असं काही असेल तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा किंवा सरकारच्या टेलिमानसला 14416 वर फोन करा.

प्रश्न : वय 56, कळवा. डायबेटिस आहे, गोळ्या चालू आहेत. साखर बंद करून चहात गूळ घालते. श्रावणात सोमवार आणि शनिवार उपास करते, तेवढंच वजन उतरेल असं वाटतं, पण उपासाच्या दिवशीच जास्त खावंसं वाटतं. असं का?

उत्तर : काकू, एकादशी आणि दुप्पट खाशी हे आपल्या आज्या उगाच म्हणायच्या नाहीत. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, प्रोटीन जवळजवळ शून्य, वर तूप आणि बटाटा, शुगर भर्रकन वर जाते आणि मग पुन्हा काहीतरी चघळावंसं वाटतं. राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची पातळ आमटी, दही, काकडीची कोशिंबीर असा उपास करा, खिचडी खायचीच तर वाटीभर आणि दाण्याचं कूट सढळ. गुळाचं म्हणाल तर रक्तातल्या शुगरला गूळ आणि साखर यातला फरक कळत नाही, चार कप चहात दोन-दोन चमचे गूळ गेला तर तो आठ चमचे साखरेइतकाच, आणि ते कोणालाही जास्तच, तुम्हाला तर फारच. आणि एक महत्त्वाचं, काही गोळ्या अशा असतात की त्या घेऊन जेवण चुकलं तर शुगर एकदम खाली जाते, चक्कर, घाम, थरथर. म्हणून उपास धरायच्या आधी डॉक्टरांना गोळ्यांची चिठ्ठी दाखवून विचारा, मगच सोमवार.

प्रश्न : मॅम मी 23 ची, खारघर. लग्न ठरलंय म्हणून चार महिने डाएट करतेय, 6 किलो कमी झालं. गोडाची वगैरे क्रेव्हिंग अजिबात नाही पण एक वेगळंच होतंय, हसू नका, मला बर्फ खावासा वाटतो, ट्रेच्या ट्रे संपवते. आणि पाटीवरची पेन्सिल पण. आधी गंमत म्हणून खाल्ली आता दुकानातून पुडाच आणते. दम पण लागतो जिना चढताना.

उत्तर : अजिबात हसत नाहीये. बर्फ, माती, खडू, पाटीची पेन्सिल असं खावंसं वाटणं हे पुष्कळदा अंगातलं लोह कमी झाल्याचं लक्षण असतं, आणि जिना चढताना दम लागतोय म्हणजे मला तर तीच शंका जास्त येतेय. याच आठवड्यात सीबीसी आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी) या रक्ताच्या तपासण्या करून घे. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर अ‍ॅनिमिया, पण 12 च्या वर असून फेरिटिन तळाला गेलेलं असू शकतं म्हणून दोन्ही कर. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा, पाळीत अंगावरून जास्त जातं का तेही त्यांना सांग, लाजू नकोस. लोहाच्या गोळ्या त्यांनी दिल्या तरच आणि दिल्या तशाच घ्यायच्या. तोवर डाएट थांबव, म्हणजे नीट जेव. उसळीवर लिंबू पिळ, आवळा खा, जेवणानंतर लगेच चहा नको, तासभर जाऊ दे, चहा जेवणातलं लोह शोषू देत नाही. लोह भरून आलं की बर्फाची ओढ बहुतेक वेळा आपोआप जाते, कित्येकींना तर आपण तो खायचो हे आठवून आश्चर्य वाटतं. बर्फ कडाकडा चावू नकोस, दात जातील. आणि तो पेन्सिलचा पुडा आज संध्याकाळीच बिल्डिंगमधल्या एखाद्या पहिलीतल्या पोराला देऊन टाक, नाहीतर रिपोर्ट यायच्या आत संपवशील.