आधी एक डबकं आपलंसं कर

चि. बाळास, अनेक आशीर्वाद.

पहिल्या पगारातून कॅमेरा घेतलास हे वाचून फार बरं वाटलं. बेळगाव जिल्ह्यातल्या भीमगडच्या रानात कधी नेता, असं विचारलंयस. नेईन. पण त्याआधी माझ्या हातून झालेली एक चूक तुला सांगायची आहे.

जुलै महिना होता. जांबोटीच्या पुढे एका वाडीजवळ डबक्यावर वाकलेल्या फांदीला मलबार ग्लायडिंग फ्रॉगचं फेसाचं घरटं लागलं होतं. ही बेडकी पाण्यावर आलेल्या पानांत फेस घुसळून अंडी घालते. आठवडाभरात पिल्लं बाहेर पडतात आणि थेट खालच्या पाण्यात टपकतात. फांदी सावलीत होती, म्हणून मी ती दोरीने ओढून बाजूच्या झुडपाला बांधली. फोटो छान आला. निघताना पाऊस वाढला आणि दोरी सोडायची राहून गेली. चार दिवसांनी गेलो तर घरट्याखाली पाणी नव्हतंच, नुसता चिखल. त्यात काळे ठिपके पडलेले. वाडीतल्या आजी म्हणाल्या, "दोरी कुनी बांदली बाबा? पोरानी बांदली म्हनून मी त्यास्नी रागावले." तो फोटो मी कुणाला दाखवला नाही.

म्हणून सांगतो, पहिलं वर्ष तुझ्या घराजवळचं एक तळं, ओढा, नाहीतर नुसतं डबकं धर. दर रविवारी जा. खिशात वही, हातात पोतं. कोणता पक्षी कधी आला, पाणी कधी आटलं, कचरा कुठून येतो, सगळं लिही. बाटल्या उचलणं सोपं, त्या टाकतो कोण हे शोधणं कठीण, आणि खरं काम तिथंच आहे. गणपतीनंतर निर्माल्य वेगळं काढायला मंडळाच्या पोरांना तयार करायचं, तर त्यांच्याबरोबर चारदा चहा प्यावा लागतो. तेवढा वेळ दे.

कन्नड बोलायला लाग. फॉरेस्ट गार्डला 'गवा' कळतो, पण तू 'काडुकोण' म्हणालास की तो खाली बसून बोलतो. जानेवारी-फेब्रुवारीत वणवा अडवणाऱ्या जाळरेषा काढायला माणसं कमी पडतात. तेव्हा कॅमेरा घरी ठेवून जा. आपल्या भागात भाषेवरून पुष्कळ दुरावा झाला. वणवा विझवताना तो मी कधी पाहिला नाही.

भीमगड अभयारण्य झालं २०११ साली, क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर. परवानगीशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. तिथल्या बारापेडे गुहांत राहणारं रॉटनचं वटवाघूळ शास्त्राला १९१३ साली माहीत झालं आणि कितीतरी वर्षं जगात तेवढ्याच एका ठिकाणाहून ठाऊक होतं. पुढे मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं. दिवसा झोपलेल्या अशा जिवांवर फ्लॅश मारायचा नाही. धनेश पक्ष्याच्या ढोलीपुढेही थांबू नकोस. मादी आत स्वतःला लिंपून घेते, नर चोचीतून फळं आणतो. तू समोर उभा राहिलास तर तो लांबच्या झाडावर बसून राहतो आणि आत पिल्लं उपाशी. फोटो टाकताना जागेचं नाव देऊ नकोस, मोबाईलचं लोकेशन बंद ठेव.

आणि रानातल्या वाड्यांतली माणसं विसरू नकोस. कृष्णापूर, आमगावकडे पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरून आणावं लागतं. त्यांच्या दारात जाऊन 'वाघ दिसला काय' एवढंच विचारून परतू नये. आधी पाणी माग, बस, त्यांचं ऐक. कणकुंबीला उगवणारी मलप्रभा पूर्वेला जाते, देगावकडची म्हादई गोव्यात उतरते. ही दोन्ही पाणी ज्यांच्या उशाशी आहेत, त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा रान जास्त कळतं.

चोर्ला घाटाच्या रस्त्यावर पावसाळी रात्री गाड्यांखाली बेडूक आणि साप फार मरतात. आम्ही चौघेजण ते मोजतो, जिवंत असतील त्यांना कडेला पोचवतो. सापाला मात्र तू हात लावायचा नाहीस. येत्या शनिवारी ये. गमबूट घाल, टॉर्चला लाल जिलेटिन कागद लाव, जळवांसाठी मीठ घे. कॅमेरा आणलास तरी चालेल, पण पिशवीतच ठेव.

तुझा,
काका